पोकळीची संवेदना : हैदराबादच्या प्रयोगशाळांतील लवचीक संवेदक

शाळेच्या दप्तरातील खोडरबर, स्वयंपाकघरातील लाटणे आणि कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांची काळी भुकटी एवढ्या सामग्रीतून स्पर्श ओळखणारी कृत्रिम त्वचा घडविता येते, हे हैदराबादच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील (आयआयटी) संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले. प्रा. सुष्मी बधुलिका आणि त्यांचे तेव्हाचे संशोधक विद्यार्थी परीक्षित सहातिया यांनी ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात त्याची कृती प्रसिद्ध केली. खोडरबराच्या पातळ पट्टीवर नलिकांची भुकटी पसरायची, ती लाटण्याने एकसारखी करायची आणि मग यंत्राखाली दाबून पट्टीत घट्ट बसवायची. या कृतीत कोणतेही द्रावक लागत नाही. अशी पट्टी ताणली किंवा दाबली की तिचा विद्युत रोध बदलतो, सोडली की तो पूर्ववत होतो. बोटांवर बसविलेल्या पट्ट्यांवरून हाताच्या खुणा ओळखता येतात, तर पट्ट्यांची जाळी मांडली की कोठे आणि किती दाब पडला हे समजते.

ज्या विद्याशाखेत एकेक यंत्र कोट्यवधींचे असते आणि स्वच्छ कक्षावाचून पान हलत नाही, तेथे लाटण्याला स्थान मिळावे ही गंमत खरी. तथापि त्यामागे गंभीर विचार आहे. माणसाच्या अंगाला चिकटून राहायचे, घामात भिजायचे, झिजायचे आणि शेवटी फेकून दिले जायचे असे ज्याचे आयुष्य, तो संवेदक स्वस्तच असावा लागतो.

आजवरचे बहुतेक संवेदक सिलिकॉनच्या कठीण चकतीवर घडविले गेले. मोटारीत, भ्रमणध्वनीत, कारखान्यात ते उत्तम काम करतात. शरीराशी मात्र त्यांचे जमत नाही. गुडघ्यावरील किंवा कोपरावरील त्वचा हालचालीत तीस टक्क्यांहून अधिक ताणली जाऊ शकते. सिलिकॉनची चकती एखाद्या टक्क्याच्या ताणातच तडकते. म्हणून रबर, कागद, कापड किंवा प्लास्टिकची पातळ फीत हा पाया घ्यायचा आणि वीज वाहून नेणारे नॅनोद्रव्य त्यात मिसळायचे, अशी वाट संशोधकांनी धरली. दोन भिन्न स्वभावांच्या द्रव्यांच्या अशा मिश्रणास संमिश्र म्हणतात. वाकण्याचा गुण रबराचा, वीज वाहण्याचा गुण कार्बनचा.

या संमिश्रात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या की ते सच्छिद्र होते, आणि त्याची संवेदनक्षमता कितीतरी पटींनी वाढते. या सगळ्या विषयाचे मर्म त्या पोकळ्यांत आहे. आंबोळीला जाळी पडली की ती बोटाने सहज दबते आणि सोडताच वर येते. त्याच पिठाची दडस भाकरी केली तर बोट रुतत नाही. संवेदकाचेही तसेच असते. पीडीएमएस नावाचे सिलिकॉन रबर या कामी सर्रास वापरले जाते. सलग स्थितीत ते एवढे ताठ असते की हलक्या स्पर्शाने त्याच्या आत फारसे काही घडत नाही. त्याचाच स्पंज केला की पोकळ्यांच्या पातळ भिंती किंचित भारानेही वाकतात. बोटाचा हळुवार स्पर्श साधारण दहा किलोपास्कलहून कमी दाबाचा असतो. तो टिपायचा तर द्रव्याने तेवढ्यासाठी वाकले पाहिजे.

येथे शब्दांचा थोडा खुलासा हवा, कारण वृत्तपत्रांतील बातम्यांत ‘नॅनो’ हे विशेषण कशालाही लागलेले दिसते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते; बहुभित्ती कार्बन नलिकेची जाडी बहुधा काही दहा नॅनोमीटर. रसायनशास्त्राच्या प्रमाणित परिभाषेत दोन नॅनोमीटरहून लहान छिद्रांना सूक्ष्म, दोन ते पन्नासच्या दरम्यानच्या छिद्रांना मध्यम आणि त्याहून मोठ्या सर्व छिद्रांना स्थूल म्हणतात. दाब ओळखणाऱ्या स्पंजातील छिद्रे बहुतांशी स्थूल असतात, काही तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. नॅनो असते ते त्या छिद्रांच्या भिंतींवरील लेपण. वायू, बाष्प किंवा रसायन ओळखणाऱ्या संवेदकात मात्र छिद्रेही अतिसूक्ष्म असावी लागतात, कारण तेथे महत्त्व पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाला असते.

स्पंज दाब कसा ओळखतो? रबरात मिसळलेल्या नलिका म्हणजे हात धरून उभी राहिलेली माणसे, अशी कल्पना करावी. नलिकांचे प्रमाण फार कमी असेल तर साखळी जुळत नाही आणि वीज वाहत नाही. प्रमाण एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट अचानक खुली होते. संशोधक मुद्दाम या उंबरठ्याच्या आसपासचे मिश्रण निवडतात. मग स्पंज दाबला की भिंती एकमेकींना टेकतात, नवे हात जुळतात, रोध घटतो. ताणला की हात सुटतात, रोध वाढतो. नलिका उंबरठ्याच्या फार वर नेल्या तर वाटा आधीच इतक्या असतात की चार अधिक-उणे झाल्याने काही कळत नाही. जास्त माल घातला की चांगला संवेदक होतो, हा समज येथे खोटा ठरतो.

दुसरी पद्धत धारकतेची. दोन पातळ विद्युताग्रांमध्ये रबराचा स्पंज ठेवला की विजेचा भार साठविणारी पेटी तयार होते. दाबल्यावर विद्युताग्रे जवळ येतात, त्यामुळे धारकता वाढते. आणि स्पंजातील हवा बाहेर जाऊन रबराचे प्रमाण वाढते, त्यामुळे ती आणखी वाढते. हवेचा विद्युतपार्यता अंक जवळपास १, तर या रबराचा सुमारे २.७. सलग रबरात हवाच नसल्यामुळे हा दुसरा लाभ मिळत नाही.

पोकळ्या पाडण्याच्या युक्त्याही अनेक आहेत, आणि त्यांतील काही घरगुती म्हणाव्यात अशा. साखरेचा ठोकळा पातळ रबरात बुडवायचा, रबर घट्ट झाल्यावर तो कोमट पाण्यात टाकायचा. साखर विरघळून जाते आणि दाण्यांच्या जागी पोकळ्या उरतात. मीठही चालते. दुसऱ्या रीतीत बाजारातील तयार स्पंज ग्राफीनच्या किंवा नलिकांच्या शाईत बुडवून वाळवितात. ग्राफीन म्हणजे कार्बनचा केवळ एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. तो २००४ साली मँचेस्टरमध्ये वेगळा करण्यात आला आणि त्यासाठी २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले.

हैदराबादेत रूढ झालेली एक युक्ती याहून वेगळी आहे. बिट्स पिलानीच्या हैदराबाद संकुलात प्रा. संकेत गोयल यांची प्रयोगशाळा लेझरने निर्माण होणाऱ्या ग्राफीनवर दीर्घकाळ काम करीत आहे. पॉलिइमाइड हे पिवळसर, उष्णतेला दाद न देणारे प्लास्टिक विद्युत उपकरणांत चिकटपट्टी म्हणून वापरतात. त्यावर कार्बन डायऑक्साइड लेझरची शलाका फिरविली की तेवढ्या रेषेत प्लास्टिक जळून काळे पडते. ही काजळी नुसती काजळी नसते. तीव्र उष्णतेने आतील अन्य मूलद्रव्ये वायुरूपाने निसटतात आणि मागे ग्राफीनचा फेसासारखा सच्छिद्र थर उरतो. ही किमया अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या जेम्स टूर यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे मोठे सुख असे की संगणकावर रेखाटलेली आकृती तशीच्या तशी संवेदक म्हणून उमटते. साचा, शाई, भट्टी काहीच लागत नाही. अशा सच्छिद्र विद्युताग्रांवर शरीरद्रवातील रेणू ओळखणारे विद्युत-रासायनिक संवेदक उभारण्याचे काम या प्रयोगशाळेत झाले आहे. गोमंतकीय वाचकाला हे नाव परके वाटू नये. झुआरीनगरचे संकुल याच संस्थेचे.

आयआयटीतील सहातिया आणि बधुलिका यांनी कागदाकडेही पाया म्हणून पाहिले. कागद हा मुळातच तंतूंचे सच्छिद्र जाळे. त्याच्या तंतूंवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे सूक्ष्म पापुद्रे वाढवून त्यांनी प्रकाश ओळखणारे संवेदक तयार केले, ग्राफीनच्या जोडीने शरीराच्या हालचाली टिपणारी उपकरणेही केली. सहातिया पुढे बिट्सच्या हैदराबाद संकुलातच अध्यापक झाले. त्याआधी, २०१६ साली, हैदराबाद विद्यापीठातील सहकाऱ्यांसह त्यांच्या गटाने पॉलिइमाइडवर तापमान आणि अवरक्त किरण अशा दोहोंची दखल घेणारा लवचीक संवेदक मांडला होता. त्यातील एक द्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने केले होते. भिंगाने एकवटलेले ऊन ग्रॅफाइट ऑक्साइडवर पाडले की थरांमधला वायू झपाट्याने बाहेर पडतो आणि लाही फुटावी तसे द्रव्य फुलते. तेलंगणाच्या उन्हाचा असाही एक उपयोग.

तंतूंच्याच मार्गाने गेलेला आणखी एक प्रयोग थेट स्वयंपाकघराशी निगडित आहे. आयआयटीतील प्रा. शिव गोविंद सिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दुधातील भेसळ ओळखणारा कागदासारखा संवेदक प्रसिद्ध केला. नायलॉनच्या द्रावणावर उच्च विद्युतदाब देऊन त्याचे नॅनो जाडीचे तंतू ओढले जातात. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे हे तंतू एकमेकांत गुंतून सच्छिद्र चटई तयार होते. तिच्यात तीन रंगद्रव्ये मुरविलेली असतात. दूध छिद्रांत शिरले की त्याच्या सामूनुसार, म्हणजे आम्लता-अल्कतेनुसार, रंग बदलतो. रंगाचे छायाचित्र भ्रमणध्वनीने घ्यायचे आणि निर्णय संगणकीय आज्ञावलीवर सोपवायचा. भेसळीच्या नमुन्यांचे वर्गीकरण ९९.७१ टक्के अचूक झाल्याचे संशोधकांनी नोंदविले. आकडा प्रयोगशाळेतला आहे हे ध्यानात ठेवावे. तरीही सलग प्लास्टिकच्या पट्टीला हे शक्य नव्हते, कारण तिच्यात दूध शिरलेच नसते.

शहराच्या दुसऱ्या टोकाला बाळापूर येथे चूर्णधातुशास्त्र आणि नवद्रव्यांचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. ‘एआरसीआय’ या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. तेथे सिलिका एरोजेलच्या लवचीक चादरी विकसित झाल्या. एरोजेल हे १९३१ साली सॅम्युअल किस्टलर यांनी प्रथम घडविलेले द्रव्य. त्याच्या आकारमानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवाच असते. एआरसीआयच्या चादरी उष्णतारोधनासाठी आहेत, संवेदनासाठी नव्हेत. पण छिद्रांमुळे उष्णता अडते हा त्यांचा गुण पुढील चर्चेत पुन्हा येणार आहे.

आता या संवेदकांच्या नावातील ‘बहुकार्यी’ या शब्दाकडे वळू. शोधनिबंधांत हे विशेषण अभिमानाने मिरविले जाते. एकच पट्टी दाब ओळखते, ताण ओळखते, तापमान ओळखते, श्वासातील बाष्पही ओळखते. ऐकायला हे फार चांगले वाटते. प्रत्यक्षात हा गुण आणि दोष एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. रोध घटला, एवढेच उपकरणाला कळते. तो दाबामुळे घटला, की ज्वरामुळे, की घाम छिद्रांत शिरल्यामुळे? उघड्या पोकळ्या सर्वांनाच वाट देतात. ज्या कागदी संवेदकाला श्वासाची ओल कळते, त्याला पावसाळ्यातील हवाही कळतेच. कोरड्या हिवाळ्यात हैदराबादेत प्रमाणित केलेली पट्टी आषाढात पणजीला आणली तर तिचा शून्यबिंदूच सरकलेला असेल. सगळे ऐकू येणारा कान आणि नेमके शब्द समजणारा कान यांत अंतर असते. आजचे बरेच बहुकार्यी संवेदक पहिल्या प्रकारचे आहेत, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे.

या गुंत्यावर उपाय शोधले गेले आहेत. सर्वांत सुबक म्हणावा असा उपाय चिनी विज्ञान अकादमीच्या संशोधकांनी २०१५ साली मांडला. त्यांनी सच्छिद्र स्पंजाच्या सांगाड्यावर उष्माविद्युत बहुवारिकाचा लेप दिला. अशा द्रव्याच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक असला की त्यात आपोआप थोडा विद्युतदाब निर्माण होतो. मग तापमान विद्युतदाबावरून वाचायचे आणि भार रोधावरून. दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे मिळतात, एकाची दुसऱ्यात सरमिसळ होत नाही. यासाठी स्पंजाच्या दोन बाजूंतील तापमानाचा फरक टिकून राहावा लागतो, आणि तो टिकतो कारण पोकळ्यांतील हवा उष्णता चटकन पलीकडे जाऊ देत नाही. एरोजेलचा जो गुण भट्टीच्या भिंतीला उपयोगी, तोच येथे तापमानमापनाला उपयोगी पडतो. दुसरा उपाय म्हणजे ओल आत येऊ न देणारे पातळ वेष्टण. पण मग बाष्प ओळखण्याचे काम सोडून द्यावे लागते.

या साऱ्या खटाटोपाचा गोव्याशी काय संबंध, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये ‘लॅन्सेट डायबिटीस अँड एंडोक्रायनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहींचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक. चार प्रौढांमागे एकाहून अधिक. मधुमेह जुना झाला की अनेकांच्या तळपायाची संवेदना मंदावते. चपलेत शिरलेला खडा, टोचणारा खिळा, उन्हात तापलेल्या देवळाच्या प्रांगणातील फरशी यांपैकी काहीच कळत नाही. टाचेखाली किंवा अंगठ्याच्या मुळाशी त्याच जागी पुनःपुन्हा भार पडतो, आतील ऊती सुजतात, कातडी फुटते, जखम चिघळते आणि कित्येकदा बोट अथवा पाऊल कापून टाकावे लागते. दुखले असते तर माणूस लंगडला असता आणि त्या लंगडण्यानेच पाऊल वाचले असते.

हरवलेली ही संवेदना चपलेच्या आतील पट्टीने परत द्यावी, ही कल्पना म्हणूनच आकर्षक आहे. आवश्यक मोजमापेही वैद्यकाला ठाऊक आहेत. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्या पायाला एकदा जखम होऊन गेली आहे त्याच्यावर पादत्राणाच्या आत पडणारा कमाल दाब २०० किलोपास्कलच्या खाली ठेवणे इष्ट समजले जाते. दोन्ही पायांच्या समान जागी त्वचेच्या तापमानात सुमारे २.२ अंश सेल्सियसहून अधिक फरक सतत दिसू लागला तर आत दाह सुरू झाल्याची ती खूण मानतात. म्हणजे एकाच पट्टीने दाब आणि तापमान दोन्ही वाचावे आणि दोहोंची गल्लत करू नये, अशी येथील गरज आहे. बहुकार्यी हा शब्द इथे मिरविण्यापुरता उरत नाही.

अडचण अशी की हळुवार स्पर्श टिपण्यासाठी घडविलेला मऊ स्पंज पावलाखाली निकामी ठरतो. दहा किलोपास्कलपर्यंत त्याचा प्रतिसाद उत्कृष्ट असतो, पण पन्नास-शंभरला पोकळ्या पूर्ण मिटतात आणि पुढे दोनशे असो वा चारशे, त्याला सारखेच. संवेदनक्षमता आणि मापनाची व्याप्ती यांचे हे जुने भांडण आहे. काही संशोधक वरच्या थरात मोठ्या आणि खालच्या थरात लहान पोकळ्या ठेवून ते मिटवू पाहतात. वरचा थर मिटला की खालचा काम सुरू करतो. शोधनिबंधाच्या मथळ्यात ‘अतिसंवेदनशील’ असे वाचले की पुढच्या ओळीत किती दाबापर्यंत, हे पाहावे.

बधिर पावलांचा प्रश्न भारतात याआधीही एका डॉक्टरांनी हाताळला होता, आणि त्यांचा अनुभव आजच्या संशोधकांनी आवर्जून वाचावा असा आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटे आणि पावले रोगजंतूंमुळे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या रोजच्या दुखापती हे त्याचे मुख्य कारण आहे, हे ब्रँड यांनी दाखविले. त्यावर त्यांनी प्रसारित केलेला उपाय म्हणजे सूक्ष्मकोशी रबराची चप्पल. हे रबर म्हणजे असंख्य बारीक पोकळ्यांचा स्पंजच. त्यात वीज नव्हती, मापन नव्हते, पण ते भार पसरवून देत असे. १९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे दाबाने फुटणाऱ्या रंगाच्या सूक्ष्म कुप्या असलेले मोजे त्यांनी वापरले. जेथे रंग अधिक उमटे, तेथे धोका.

याच ठिकाणी त्यांनी कृत्रिम वेदनेची योजनाही हाती घेतली. हातमोज्यात आणि पायमोज्यात दाबाचे संवेदक बसवायचे आणि भार मर्यादेपलीकडे गेला की आवाज करून रुग्णाला सावध करायचे. योजना फसली. संवेदक महाग होते आणि थोड्याच वापराने झिजत, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल होते. आवाज झाला तरी रुग्ण हातातले काम पूर्ण करूनच थांबत. पुढे आवाजाऐवजी विजेचा सौम्य झटका देऊन पाहिला, तर धोक्याचे काम करण्याआधी ते यंत्रच बंद करून ठेवू लागले. खऱ्या वेदनेला बंद करण्याची कळ नसते. संदेशाला असते.

हैदराबादच्या खोडरबराने, लेझरने आणि कागदाने यांतील पहिला अडथळा बराच दूर केला आहे. संवेदक आता महाग राहिलेला नाही. झिजण्याचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. स्पंज हजारो वेळा दाबला की पुरता वर येत नाही, भिंतींवरील नलिका सुटू लागतात, तोच भार उद्या वेगळा आकडा दाखवितो. माणूस दिवसात काही हजार पावले टाकतो, त्यामुळे दहा हजार आवर्तनांची चाचणी ऐकायला मोठी वाटली तरी ती चार-दोन दिवसांच्या चालण्याएवढीच भरते. एका हप्त्यात केलेल्या शंभर पट्ट्या एकसारख्या निघतील याची हमी हाताने लाटण्याच्या पद्धतीत देता येत नाही. सुटलेल्या नलिकांचे पुढे काय, हाही प्रश्न आहे. लांब आणि ताठ कार्बन नलिका उंदरांच्या शरीरात गेल्यास अॅस्बेस्टॉससारखा दाह उत्पन्न करतात, असे २००८ मधील एका अभ्यासात दिसून आले होते. रबरात घट्ट बसलेल्या नलिका आणि मोकळी धूळ यांत फरक असला, तरी रोजच्या घर्षणात त्या घट्टच राहतात हे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावरच येते. रुग्णासाठी विकायच्या उपकरणाला २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परवाना लागतो आणि त्यासाठी टिकाऊपणाचे, सुरक्षिततेचे पुरावे मांडावे लागतात. शोधनिबंध तेथे पुरत नाही.

तोवर मधुमेही पावलाची परीक्षा ज्या साधनाने होते ते अगदी साधे आहे. नायलॉनचा एक जाडसर तंतू तळव्याला टेकवितात. दहा ग्रॅमच्या भाराला तो वाकतो. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो स्पर्श कळला नाही, तर त्या जागेची संरक्षक संवेदना गेली असे समजतात. ही तपासणी काही मिनिटांत होते आणि प्रत्येक मधुमेहीने वर्षातून किमान एकदा ती करून घ्यावी, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. ज्यांना तंतूचा स्पर्श कळत नाही त्यांनी अनवाणी चालू नये, चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा आणि रोज रात्री आरशात किंवा घरच्यांकडून तळवे तपासून घ्यावेत, असे डॉक्टर सांगतात.